अठ्ठेचाळीस आकडे

आमच्या भांडुपच्या वसाहतीचा दिवाळी अंक निघतो. यंदा संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं लॅपटॉप दुरुस्त केलेत, त्यावर लिहा की. बायकांना स्फूर्ती मिळेल." मी म्हटलं, स्फूर्ती हवी असेल तर दुसरं घर बघा. माझ्याकडे एक चूक आहे, ती लिहून देते. त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते.

मी चौथी पास आहे. पाचवीत नाव घातलं होतं, पण धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. त्याचं रडगाणं गात नाही. पुढे त्याचा संबंध येतो म्हणून आधीच सांगून ठेवते.

दुकानाच्या आधी सतरा वर्षं मी अंधेरीच्या एका कारखान्यात सोल्डरिंग केलं. एका टेबलाला आम्ही बारा बायका. समोर हिरवे बोर्ड, हातात तापलेलं आयर्न, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या वस्तूंचे केसाएवढे पाय चिकटवायचे. बायकांची बोटं बारीक, म्हणून बायका घेतो, असं साहेब म्हणायचे. बायका भांडत नाहीत, हे खरं कारण. दर सात महिन्यांनी आम्हाला आठ दिवस घरी बसवायचे, मग बोलावून नवीन कार्ड करायचे. म्हणजे कागदावर आम्ही कायम नव्याच. एका सोमवारी गेलो तर गेटला कुलूप. आम्ही चौघीजणी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने विचारलं, "इतकी वर्षं काम केल्याचा पुरावा काय?" मी हात पुढे केले. बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग होते, अजून आहेत. तो म्हणाला, "बाई, हात नको. कागद दाखवा."

कागद नव्हता. सतरा वर्षांचा एक चिटोरासुद्धा माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर घाटकोपरला मनसुखभाईंच्या दुकानात लागले. मनसुखभाई जुने लॅपटॉप विकायचे आणि दुरुस्त करायचे. पुढे काउंटर, मागे काचेच्या पलीकडे दुरुस्तीचं टेबल. मी लागले ती झाडायला आणि मशीनच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढायला. एक दिवस त्यांचा कारागीर एका चार्जिंगच्या जॅकशी तासभर झटत होता. मी म्हटलं, "सरक." चार मिनिटांत लावला. मनसुखभाई म्हणाले, "सुमनबेन, झाडू ठेवा. उद्यापासून टेबलवर बसा." झाडू कोण मारणार ते ठरलं नाही, म्हणून तोही मीच मारत राहिले.

गिऱ्हाइकांना मी टेबलावरची बाई वाटायचेच नाही. मुलुंडचे एक गृहस्थ दरवेळी विचारायचे, "इंजिनिअर कुठे आहेत?" मी म्हणायची, "जेवायला गेलेत. मशीन ठेवा." संध्याकाळी मशीन चालू झालेलं बघून म्हणायचे, "इंजिनिअरना थँक्यू सांगा हं." मी म्हणायची, "सांगते." पाच वर्षं त्यांचा इंजिनिअर जेवतच होता.

आता कुलपांबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे.

लॅपटॉप उघडला की पासवर्ड विचारतो. लोकांना वाटतं, हा टाकला की सगळं बंद. तसं नसतं. हा पासवर्ड म्हणजे दाराची कडी. मशीनच्या आत एक डिस्क असते, तुमचं सगळं लिहिलेलं, फोटो, हिशेब त्यात. मी चार स्क्रू काढून ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की कडीला कोणी विचारत नाही. म्हणजे भिंत फोडून आत गेल्यासारखं. दुसरा पासवर्ड बोर्डचा असतो. तो टाकला तर मशीन जागंच होत नाही. पण डिस्क काढली की तोही गेला.

तिसरं कुलूप वेगळं. त्यात डिस्कवरचं सगळं मशीन स्वतःच बारीक चिरून कालवून ठेवतं. डिस्क चोरली तरी चोराच्या हाती नुसता चुरा. तो चुरा परत जुळवायची किल्ली बोर्डवरच्या एका चिपमध्ये असते, नखाएवढी चिप. ती चिप आपला बोर्ड ओळखते, आपली डिस्क ओळखते, आणि सगळं जागच्या जागी असेल तरच किल्ली देते. बोर्ड बदलला की ती गप्प. मग एकच रस्ता उरतो. कुलूप लावताना मशीन एक लांबलचक आकडा देतं, अठ्ठेचाळीस आकड्यांचा. तो टाकायचा. तो नसेल तर कोणाच्या बापाला ती डिस्क उघडत नाही. बनवणाऱ्यालाही नाही.

हे मी आज असं सांगते जसं काही मला आधीपासून माहीत होतं. नव्हतं.

आमच्या धंद्यात दुरुस्तीला मशीन घेतलं की त्याला टॅग लावतात. पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर नाव, बिघाड, आणि पासवर्ड. पासवर्ड घ्यावाच लागतो, नाहीतर दुरुस्त झालं की नाही ते तपासणार कसं? लोक बिनधास्त देतात. कोणी कुलदैवताचं नाव ठेवलेलं, कोणी बायकोचं, आणि एका माणसाने बायकोचं नाही अशा बाईचं. तो हळूच म्हणाला, "मावशी, घरून न्यायला मिसेस आली तर टॅग दाखवू नका." मी म्हटलं, "मग मिसेसचं नाव ठेवायचं होतं, सोपं पडलं असतं."

यात हसण्यासारखं एवढंच. आमच्याकडे प्रकाश म्हणून एक कारागीर होता. एका मुलीचा लॅपटॉप स्क्रीन बदलायला आला. टॅगवर पासवर्ड होता. ह्या नालायकाने तिचे खासगी फोटो आपल्या फोनमध्ये घेतले आणि मित्रांना दाखवले. आठवड्याभराने ती मुलगी भावाला घेऊन आली. भाऊ आरडाओरडा करत होता, मनसुखभाई हात जोडत होते, प्रकाश मागच्या दाराने पळाला होता. ती मुलगी भांडली नाही. काचेपाशी येऊन मला विचारलं, "मावशी, तुम्हीपण बघितले का?"

मी नाही म्हटलं. खरंच बघितले नव्हते. तिचा विश्वास बसला नाही, ते तिच्या तोंडावर दिसलं.

त्या दिवशी मी दोन नियम केले. मनसुखभाईंना सांगितलं, मान्य असतील तर राहते, नाहीतर चालले. पहिला, गिऱ्हाइकाचं मशीन तपासायला उघडायचं, पण त्यातली एकही फाइल उघडायची नाही. दुसरा, मशीन परत देताना टॅग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फाडायचा. चार तुकडे. आणि ते तुकडे थिनरच्या डब्यात बुडवायचे. बोर्ड धुवायला आम्ही थिनर वापरतो, त्यात शाई विरघळून जाते.

लोकांना हे फार आवडलं. वकील, डॉक्टर, सीए, अंधेरीहून बोरिवलीहून माणसं यायला लागली. "त्या फाडणाऱ्या मावशीकडे द्या" असं म्हणायचे. मला त्याचा गर्व होता. लपवत नाही. टॅग फाडताना मी जरा हात वर करूनच फाडायची.

छाया कांबळे आली ती माझं नाव ऐकूनच.

छाया मानखुर्दला राहायची. पस्तिशीची, नवरा सोडून गेलेला, एक मुलगी नववीत. एका मोठ्या हॉस्पिटलात आया होती, ठेकेदाराच्या हाताखाली. पोरीच्या शाळेसाठी म्हणून कोणी तरी दिलेला जुना लॅपटॉप तिने काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, याला असं कुलूप लावा की मेलं तरी उघडलं नाही पाहिजे."

मी म्हटलं, "काय आहे यात? सोनं?"

"हजेरी आहे."

मग तिने सांगितलं. आठ वर्षं ती एकाच वॉर्डात कामाला. पण ठेकेदार दर काही महिन्यांनी नाव बदलायचा, नवं कार्ड द्यायचा, म्हणजे कागदावर ती कायम नवी. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तरी ऐकलं. युनियनच्या वकीलबाईंनी तिला सांगितलं होतं की रोज मस्टरवर सही केलीस की त्या पानाचा फोटो काढ. तिने तीन वर्षं रोज काढला. सही, तारीख, वॉर्डची ड्युटीची यादी, सुपरवायझरची सही. एका दिवसाचा खंड नाही. कायम करण्याची केस लागली होती आणि तिच्याकडे जे होतं ते एवढंच होतं.

"मग लॅपटॉपवर कशाला? फोनवर होते ना?"

"सुपरवायझरने फोन ओढून घेतला. बघू काय फोटो काढतेस म्हणाला. शेवटच्या दोन महिन्यांचे पुसले. बाकीचे आधीच पोरीने यात टाकलेले म्हणून वाचले. आता तो लोकांना विचारत फिरतो, छायाने कुठे ठेवलंय. आमच्या गल्लीत त्याचा मेहुणा राहतो, मावशी. पत्र्याचं घर माझं. लाथ मारली तर दार पडतं."

"दुसरीकडे कुठे आहे का हे?"

"पेनड्राइव्हमध्ये आहे. ही बघा." तिने ब्लाउजमधून काढून दाखवली.

मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "पेनड्राइव्ह म्हणजे उघडी पिशवी. रस्त्यात पडली तर? जितक्या जागी ठेवशील तितक्या जागी चोरी. पुसून टाक. एकच ठेव, पण कडेकोट ठेव."

तिने माझ्यासमोर पुसली. मी सांगितलं म्हणून.

तिच्या लॅपटॉपची बिजागरीही तुटली होती. मी मागे टेबलावर दुसरं काम संपवत होते, तोवर मनसुखभाईंनी काउंटरवर बसून तिसरं कुलूप लावलं. आमच्या दुकानात ते पहिल्यांदाच. छायाने आपला पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकला. मशीनने तो लांब आकडा दिला, मनसुखभाईंनी तो बिलाच्या प्रिंटरवर छापला, टॅगच्या मागे स्टेपल केला आणि बँकेत गेले. मी मशीन आत नेलं, बिजागरी बसवली आणि तासाभराने बाहेर आणून दिलं.

टॅग हातात घेतला तर मागे घडी घातलेला कागद. उघडला. वर इंग्रजीत चार-पाच ओळी, खाली आकडे. सहा-सहा आकड्यांचे आठ घोस.

छाया म्हणाली, "हे काय आहे, मावशी?"

मी चिपवरचं बारीकातलं बारीक इंग्रजी अक्षर भिंगातून वाचते. पण ते नंबर असतात. ओळ वाचायची तर मला बोट ठेवून, एक-एक शब्द जुळवून वाचावी लागते. काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली.

मी म्हटलं, "तुझा पासवर्डच असणार. मोठा केलाय."

"मग ठेवू का?"

"कशाला? तुला तुझा पाठ आहे ना?"

"आहे."

"मग हा ज्याच्या हाताला लागेल त्याचं फावेल."

आणि मी हात वर करून फाडला. टॅग आणि कागद, दोन्ही. चार तुकडे, मग आठ, कारण कागद मोठा होता. थिनरमध्ये बुडवले. छाया वाकून बघत होती. शाई सुटून वर आली तशी हसली. म्हणाली, "आता कसं गार वाटलं."

सात महिन्यांनी ती परत आली. घराच्या पत्र्यातून गळलेलं पाणी लॅपटॉपवर पडलं होतं, मशीन मेलेलं. सुनावणी नऊ दिवसांवर होती. वकीलबाईंनी सगळे फोटो घेऊन बोलावलं होतं.

मी उघडून बघितलं. डिस्क कोरडी होती. बोर्ड शॉर्ट होता, दोन-तीन ठिकाणी गंजलेला. सोल्डरिंग करून जिवंत करता आला असता, पण चार-पाच दिवस मोडले असते. मनसुखभाई म्हणाले, "सुमनबेन, टाइम नाही तिला. बोर्डच बदलून टाका. पासवर्ड आहे ना तिला माहीत?" मी म्हटलं, "पाठ आहे." आम्हा दोघांनाही वाटलं, पासवर्ड म्हणजेच किल्ली.

बाजारात पद्धत अशी की जुना बोर्ड द्यायचा आणि दुरुस्त केलेला घ्यायचा. व्यापाऱ्याचा माणूस येतो, मेलेला बोर्ड पिशवीत टाकतो, चालता बोर्ड देतो. तसंच केलं. दोन दिवसांनी नवा बोर्ड बसवला, मशीन सुरू झालं, छाया समोर स्टुलावर बसलेली. स्क्रीन निळी झाली. मधोमध एक पट्टी आली आणि त्यात आठ रिकामे घोस.

छायाने पासवर्ड टाकला. घेईना. परत टाकला.

मनसुखभाई पुढे वाकले, वाचलं, आणि म्हणाले, "बेन, तो कागद कुठे आहे? मी पिन करून ठेवला होता तो?"

छायाच बोलली. "मावशींनी फाडला. माझ्यासमोर."

मनसुखभाईंनी दुकानातल्या दुसऱ्या मशीनला तसंच कुलूप लावून तसाच कागद छापला आणि वरच्या ओळी आम्हाला मराठीत सांगितल्या. लिहिलेलं होतं की हा कागद जपून ठेवा, हा नसेल तर तुमचं तुम्हालाही मिळणार नाही. चार ओळी. पाचवीत गेले असते तर वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. चौथी शिकलेल्या बाईलाही बोट ठेवून वाचता आल्या असत्या. पाच मिनिटं लागली असती.

मग जुन्या बोर्डची आठवण झाली. किल्ली त्याच्यावरच्या चिपमध्ये होती. तो बोर्ड मिळाला, जिवंत केला, तर डिस्क उघडणार होती. मी मनसुखभाईंना म्हटलं, "मला चार दिवस द्या. मी हा बोर्ड उठवते." गर्वाने नाही, माझं काम होतं ते. सतरा वर्षं मी तेच केलं होतं.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पाण्यात गेलेले बोर्ड मी ठेवत नाही. काल लॉट गोवंडीला गेला."

छाया आणि मी गोवंडीला गेलो. छायाला गल्ल्या माहीत होत्या. पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये दहा-बारा बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीपुढे शेगडी, त्यावर लोखंडी तवा, तव्यावर बोर्ड. बोर्ड तापला की पकडीने चिपा उचलायच्या आणि डब्यात टाकायच्या. आम्ही अंधेरीला जे चिकटवायचो ते या उपटत होत्या. तोच वास.

मालकाला सांगितलं तर म्हणाला, "कल का माल? आधा हो गया, अम्मा. देख लो."

मी ढिगाऱ्यात बसले. मी हात लावलेल्या प्रत्येक बोर्डच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायची, आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून. दीड-दोन तास शोधलं. ढिगाऱ्यात नव्हता. मग सोललेले बोर्ड बघितले. तिथे मिळाला. कोपऱ्यात माझा ठिपका, आणि बाकी सगळा बोर्ड तोंडातले दात पाडल्यासारखा.

शेजारच्या बाईने विचारलं, "क्या ढूँढ रही हो?"

"इस पे एक छोटी चिप थी."

तिने डबा पुढे केला. तेलाचा पंधरा किलोचा डबा, गळ्यापर्यंत भरलेला. काळ्या चिपा.

छायाने आत हात घातला आणि मूठभर वर काढल्या. मला विचारलं, "यातली एक माझी आहे?"

"हो."

"मग शोधा ना, मावशी. तुम्हाला ओळखता येतात ना?"

"सगळ्या सारख्याच दिसतात गं."

"वरचा नंबर बघा की."

"नंबर सगळ्यांचा एकच. आणि मिळाली तरी आता बोर्ड नाही, नुसत्या चिपने उघडत नाही."

तिने मूठ उघडली. चिपा डब्यात पडल्या, तांदूळ पडल्यासारखा आवाज झाला. मग ती म्हणाली, "तो सुपरवायझर इतके महिने मागे लागलाय. त्याला जमलं नाही."

एवढंच म्हणाली. पुढचं माझं मला कळलं.

सुनावणीला वकीलबाईंनी मलाही नेलं. फोटो नाहीत तर निदान ते होते असं सांगणारं कोणी तरी हवं होतं. मी सांगितलं, असा असा लॅपटॉप माझ्याकडे आला, त्यात हजेरीचे फोटो होते. ठेकेदाराचा वकील उठला. चांगला मऊ बोलणारा माणूस होता.

"मावशी, तुमचं शिक्षण?"

"चौथी."

"ते फोटो तुम्ही स्वतः पाहिलेत?"

माझा नियम होता. गिऱ्हाइकाची एकही फाइल उघडायची नाही. छाया समोर बसली होती. माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता, आणि तो खरा नव्हता, पण त्यामागचं सगळं खरं होतं.

मी म्हटलं, "नाही."

"एकही नाही?"

"नाही. आम्ही बघत नाही."

"फारच चांगली पद्धत आहे," तो म्हणाला, आणि बसला.

खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आधी वाटायचं, बरं झालं बोलले नाही. आता वाटतं, त्या मुलीला दाखवायचं होतं मला, काचेपाशी उभी राहिलेल्या, की बघ, मी खरंच बघत नाही. पण ती मुलगी तिथे नव्हती. तिथे छाया होती.

निकाल लागला. सलग काम केल्याचा पुरावा नाही, असं लिहिलं होतं. वकीलबाई वर जाऊ म्हणाल्या. छाया म्हणाली, वर जाऊन काय दाखवू, निळी स्क्रीन? हॉस्पिटलातलं काम गेलंच होतं. मुलुंडला एका म्हातारीकडे दिवसभर बसायचं काम तिला मिळालं. मी पासवर्डवाले, कुलूप तोडणारे असे तीन जण शोधले. एकाने सांगितलं, होईल. डिस्क बघितल्यावर म्हणाला, "ये तो असली वाला है." दुसऱ्याने हात लावला नाही. तिसरा हसला. मनसुखभाईंनी त्यानंतर नियम बदलला, आता लांब आकडा दोन प्रती छापून गिऱ्हाइकाच्या सहीने हातात देतात. चांगला नियम आहे. मी सगळ्यांना तेच सांगते, तुम्हालाही सांगते. तो कागद छापा, दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि सगळं एकाच जागी कधी ठेवू नका. कोणतीही मावशी काहीही सांगो.

वर्षाने छाया लॅपटॉप घेऊन परत आली. माझे डोळे तोवर अधू व्हायला लागले होते, मी दुकान सोडायच्या बेतात होते. ती काउंटरवर आली आणि म्हणाली, "फॉरमॅट करून द्या. पोरीला कॉलेजला लागतोय."

फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणं. म्हणजे चुराही पुसणं.

मी म्हटलं, "दुसरी डिस्क टाकून देते. ही तशीच ठेव. पुढेमागे काही निघालं तर."

"कुठे ठेवू? पत्र्याखाली?"

"माझ्याकडे ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "नको, मावशी. तुमच्याकडे नको."

मनसुखभाई उठले होते, मीच त्यांना बसा म्हटलं. मशीन टेबलावर घेतलं. तीन वर्षं, रोजची सही, एका दिवसाचा खंड नाही. बटण दाबलं. मशीनने एकदा विचारलं, नक्की का? तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. मी हो म्हटलं. चहा निवायलाही वेळ लागतो, त्याआधी झालं.

बाहेर आणून दिलं. तिने उघडून बघितलं, नवं कोरं, पासवर्डही नाही. बंद केलं, पिशवीत ठेवलं. टॅग माझ्या हातात होता. छाया कांबळे, मानखुर्द, तारीख, काम फॉरमॅट, दुकानाचा शिक्का. पासवर्डच्या ओळीत काही नव्हतं. सोळा वर्षांची सवय, माझी बोटं कडेला गेलीच.

छायाने हात पुढे केला आणि टॅग माझ्या बोटांतून ओढून घेतला.

"फाडू नका," ती म्हणाली. "मला द्या."

घडी न घालता तिने तो ब्लाउजमध्ये ठेवला, पेनड्राइव्ह ठेवायची तिथे, आणि पायऱ्या उतरून गेली.